कै. प्रो. विष्णु वासुदेव नारळीकर

डॉ. जयंत नारळीकर यांचें नांव आमच्या लहानमोठ्या सर्व वाचकांस ठाऊक आहे. त्यांच्या विज्ञानकथा ज्यानें वाचल्या नाहींत असा विद्यार्थी वरच्या वर्गांत विरळाच. परंतु ज्या गणितज्ञाच्या घरीं त्यांची बुद्धि वाढीस लागली, त्या त्यांच्या वडिलांविषयीं विचारिलें असतां पुष्कळांस फारसें कांहीं सांगतां येत नाहीं. एके काळीं गोष्ट निराळी होती. सापेक्षतावादाचें गणित शिकावें अशी ज्यास तळमळ लागे, त्याचें लक्ष काशीकडे व काशींतील प्रो. विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याकडे जात असे. या विद्वानाचा परिचय करून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. मधून मधून गणिताची थोडी चढण लागेल. तेवढी वाचकांनीं, विशेषतः पालकांनीं, मुलांचा हात धरून आमच्याबरोबर चढावी, इतकीच विनंति आहे.

नारळीकरांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजीं कोल्हापूर येथें झाला. घराण्यांत संस्कृत विद्येची परंपरा होती. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते १९२८ सालीं बी. एस्सी. झाले आणि शिष्यवृत्तीच्या बळावर पुढील अध्ययनाकरितां इंग्लंडांत केंब्रिज येथें गेले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेचें महत्त्व महाराष्ट्रास नवें नव्हतें. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या परीक्षेंत अग्रस्थानीं आले, तेव्हांपासून रँग्लर हा शब्द मराठी घरांत जणुं पदवीसारखा रुळला होता. नारळीकर १९३० सालीं त्या परीक्षेंत विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले. ज्योतिर्गणिताकरितां दिलें जाणारें टायसन पदक, संशोधनासाठीं आयझॅक न्यूटन विद्यावृत्ति व रॅले पारितोषिक, असे एकाहून एक मोठे मान त्यांस मिळाले. परंतु या पदकांहून अधिक मोलाची अशी एक गोष्ट त्यांस केंब्रिजमध्यें लाभली असें आम्हांस वाटतें. ती म्हणजे योग्य वेळ. कारण ज्या वर्षीं त्यांनीं ही परीक्षा दिली, त्याच वर्षीं, त्याच गांवीं, विश्व निश्चल आहे ही जुनी समजूत एका गणितानें उलथून पडली.

ती हकीकत अशी. १९१७ सालीं आइन्स्टाइन यांनीं आपल्या सापेक्षतावादाच्या आधारें सबंध विश्वाचें गणित मांडिलें. विश्व सदासर्वदा आहे तसेंच राहतें, अशी तेव्हां सर्वांची समजूत होती. पण द्रव्य द्रव्यास ओढीत असतें. मग सर्व विश्व आपल्याच ओढीनें आंत कां कोसळत नाहीं? यावर तोड म्हणून आइन्स्टाइन यांनीं समीकरणांत एक जास्तीचें पद घातलें. द्रव्याची ओढ आंत खेंची व हें पद बाहेर लोटी, आणि दोहोंची बरोबरी होऊन विश्व जागच्या जागीं उभें राही.

आतां मुलांनीं घरांतील एक वाटी व एक गोटी घ्यावी. वाटी उताणी ठेवून तिच्या तळाशीं गोटी ठेविली, तर धक्का दिल्यावर ती इकडे तिकडे हालते व पुन्हां तळाशीं येऊन थांबते. वाटी पालथी घालून तिच्या माथ्यावर गोटी ठेविली, तर फार जपून ठेविल्यास ती क्षणभर तेथेंहि राहते; पण नुसती फुंकर लागली कीं घरंगळते आणि परत येत नाहीं. दोन्ही ठिकाणीं गोटी निश्चल आहे, परंतु पहिल्या ठिकाणींच तिला स्थैर्य आहे. केंब्रिज येथील ज्योतिषशास्त्राचे आचार्य सर आर्थर एडिंग्टन यांनीं १९३० सालीं दाखवून दिलें कीं आइन्स्टाइन यांचें विश्व पालथ्या वाटीवरील गोटीसारखें आहे. तें किंचित् फुगलें कीं द्रव्य विरळ होऊन ओढ कमी पडते, बाहेर लोटणारें पद मात्र तसेंच राहतें, आणि विश्व आणखीच फुगतें. किंचित् आकसलें तर याच्या उलट. म्हणजे निश्चल विश्व हें गणितांत मांडतां आलें तरी टिकणारें नव्हे.

वस्तुतः रशियांतील फ्रीडमन यांनीं १९२२ सालीं, व बेल्जममधील लमेत्र या कॅथलिक धर्मगुरूंनीं १९२७ सालीं, प्रसरण पावणाऱ्या विश्वाचें गणित मांडून ठेविलें होतें. पण तिकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नव्हतें. १९२९ सालीं अमेरिकेंतील हबल यांनीं दूरच्या आकाशगंगा आपणांपासून दूर जात आहेत, आणि जी जितकी लांब तितका तिचा वेग अधिक, असें वेधांनीं दाखविलें, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. नारळीकरांच्या विद्यार्थिदशेच्या ऐन भरांत ही सर्व खळबळ चालली होती. बावीस वर्षांच्या तरुण गणितज्ञास याहून चांगली शाळा कोणती मिळणार!

येथें आणखी एक गोष्ट सांगणें जरूर आहे, कारण पुढें नारळीकरांचें पुष्कळसें काम तिच्याभोंवतींच झालें. विश्वाचें गणित करितांना शास्त्रज्ञ एकेक तारा मोजीत बसत नाहींत. आमच्या शहरांतील पाणचक्की पाहण्यास गेलेल्यांनीं उंच भिंतीवरून कोसळणारें पाणी पाहिलें असेल. दूरच्या झऱ्याचें तें पाणी जमिनीखालील नळांतून येतें. त्याचा हिशेब करणारा प्रत्येक थेंबाचा माग काढीत नाहीं. पाण्याची घनता किती, दाब किती, वेग किती, एवढें पाहतो. त्याचप्रमाणें विश्वरचनेच्या गणितांत सबंध आकाशगंगा हे थेंब समजून विश्वभर एक प्रवाही द्रव्य पसरलें आहे असें मानितात. मग लागलीच प्रश्न उभा राहतो कीं या प्रवाहांत एखाद्या जागीं द्रव्य थोडें दाट झालें तर काय होईल? दाटी वाढत जाईल कीं पुन्हां विरून जाईल?

जीन्स या इंग्रज गणितज्ञानें १९०२ सालीं वायूच्या ढगापुरतें याचें उत्तर दिलें होतें. दाटी लहान असली तर वायूचा दाब तिला पसरवून टाकतो व ती ध्वनीच्या लाटेप्रमाणें निघून जाते. मोठी असली तर तिची स्वतःची ओढ दाबावर मात करिते व ढग आंत कोसळूं लागतो. पण जीन्स यांचा ढग निश्चल पार्श्वभूमीवर होता. पार्श्वभूमीच पसरत असेल तर? दाटी गोळा होत आहे आणि तिच्या पायाखालची जमीन मात्र सारखी ताणली जात आहे, अशा शर्यतींत कोण जिंकेल? याच शर्यतीच्या निकालावर तारे, सूर्य, पृथ्वी आणि हा अंक वाचणारे आपण सर्व अवलंबून आहों. विश्वांतील द्रव्य सर्वत्र अगदीं सारखें राहिलें असतें तर यांपैकीं कांहींच झालें नसतें.

नारळीकर केंब्रिजमध्येंच राहते तर या शर्यतीच्या पहिल्या रांगेंत दिसते, यांत संशय नाहीं. परंतु १९३१ सालीं गोलमेज परिषदेकरितां पंडित मदनमोहन मालवीय विलायतेस गेले होते. बनारस हिंदु विश्वविद्यालय १९१६ सालीं स्थापन होऊन पंधराच वर्षें झालीं होतीं, आणि पंडितजी उत्तम अध्यापकांच्या शोधांत असत. त्यांनीं या कोल्हापूरच्या तरुणास गणितशाखेचें आचार्यपद व त्या शाखेची सर्व जबाबदारी देऊं केली. नारळीकरांनीं ती पत्करिली. परदेशांत चाललेलें संशोधन सोडून, डॉक्टरची पदवीहि न घेतां, १९३२ सालीं वयाच्या चोविसाव्या वर्षीं ते काशीस आले.

हा निर्णय बरोबर कीं चूक, यावर आमच्या अध्यापकमंडळींत एकदां बराच वाद झाला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं ज्याच्या अंगीं एवढी शक्ति होती त्यानें दहा वर्षें तरी एडिंग्टन यांच्या सान्निध्यांत काढावयास हवीं होतीं. काशीस मुलांना कलनशास्त्र शिकविणारे दुसरे मिळाले असते. हें म्हणणें सहज उडवून देण्यासारखें नाहीं. काशीस ना वेधशाळा, ना त्या विषयावर बोलावयास कोणी बरोबरीचा. आम्ही मात्र दुसऱ्या पक्षाचे. आमच्या जिल्ह्यांतील पैठणच्या भट्ट घराण्यानें सोळाव्या शतकांत काशीस जाऊन तेथें विद्येचें पीठ उभारिलें, आणि त्याच घराण्यांतील गागाभट्टांनीं पुढें १६७४ सालीं रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. काशीस जाणारा मराठी पंडित तेथें एकटा राहत नाहीं. त्याच्याभोंवतीं शिष्य जमतात. नारळीकरांचेंहि तसेंच झालें.

काशीस येतांच त्यांनीं शिकविण्याबरोबर लेखन सुरू केलें. १९३५ सालीं डी. एन. मोघे यांच्यासह त्यांनीं लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझीन या मासिकांत एक लेख प्रसिद्ध केला. प्रवाही द्रव्यांत दाब सर्व दिशांस सारखा असला पाहिजे, या अटीचें जें समीकरण सापेक्षतावादांत येतें, त्याचीं कांहीं नवीं उत्तरें त्यांत होतीं. पुढच्याच वर्षीं त्याच मासिकांत गुरुत्वक्षेत्रांतील कणाच्या स्थैर्यावर त्यांचा लेख आला. १९४३ सालीं जी. के. पटवर्धन व पी. सी. वैद्य या दोघांसह त्यांनीं केंद्राभोंवतीं समरूप पसरलेल्या प्रवाही द्रव्याच्या रचना मांडिल्या. विषय पाहावेत तर एकाच सूत्रांत ओंविलेले दिसतात. द्रव्याचा गोळा, त्यांतील दाब, त्याची ओढ, आणि या सर्वांचा तोल. ही समीकरणें सोडविणें किती अवघड असतें याची कल्पना द्यावयाची तर इतकेंच सांगतों कीं तीं एक नसून दहा असतात, आणि एकींतील अज्ञात दुसरींत गुंतलेलें असतें. त्या काळीं गणकयंत्र नव्हतें. कागद, दौत आणि चिकाटी हींच साधनें.

वर आलेले वैद्य हे प्रल्हाद चुनीलाल वैद्य. सौराष्ट्रांतील शापूर येथें १९१८ सालीं जन्मलेला हा तरुण १९४२ सालीं केवळ नारळीकरांपाशीं शिकावें म्हणून काशीस आला. नोकरी नव्हती, गांठीस बांधलेल्या पैशावर बायकोमुलीसह दिवस काढावयाचे होते. तें चलेजाव चळवळीचें वर्ष, आणि जगांत महायुद्ध पेटलेलें. अशा वेळीं गुरूनें शिष्यापुढें जो प्रश्न ठेविला तो दिसावयास साधा होता. १९१६ सालीं श्वार्त्सशिल्ट या जर्मन ज्योतिर्विदानें ताऱ्याबाहेरील गुरुत्वक्षेत्राचें सूत्र काढिलें होतें. पण त्यांत तारा निश्चल व अंधारा धरिला होता. खरा तारा तर प्रकाश बाहेर टाकतो आणि प्रकाशाबरोबर त्याचें द्रव्यहि झिजत जातें. मग झिजणाऱ्या ताऱ्याभोंवतालचें क्षेत्र कसें असेल? वैद्यांनीं काशींतील त्या थोड्या महिन्यांत हा प्रश्न धरून ठेविला व १९४३ सालीं त्याचें उत्तर करंट सायन्स या बंगळूरच्या नियतकालिकांत छापून आलें.

त्या लेखावर नांव एकट्या वैद्यांचें आहे. नारळीकरांनीं आपलें नांव जोडिलें असतें तर कोणीहि त्यांस बोल लाविला नसता. तशी वहिवाट आहे. आम्हांस या लहानशा गोष्टींत त्यांचा सबंध स्वभाव दिसतो. पुढें वीस वर्षांनीं अतिदूरच्या अतितेजस्वी ज्योतींचा शोध लागला, प्रचंड ताऱ्यांच्या कोसळण्याची चर्चा जगभर सुरू झाली, तेव्हां शास्त्रज्ञांस या सूत्राची आठवण झाली. आज तें सापेक्षतावादाच्या ग्रंथांत वैद्यांच्याच नांवानें आहे.

काशींतील घराविषयीं थोडें सांगितल्याखेरीज पुढें जाववत नाहीं. नारळीकरांच्या पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. जयंत व अनंत हे दोन पुत्र. घरांत भिंतीवर फळे रंगविलेले असत, आणि मुलांनीं त्यांवर वाटेल तें लिहावें अशी मोकळीक होती. सुमतीबाईंचे बंधु मोरेश्वर हुजूरबाजार शिक्षणासाठीं या घरीं राहावयास आले. त्यांनीं जयंतास आव्हान म्हणून फळ्यावर एक गणित लिहून ठेवावें, आणि भाच्यानें तें सुटेपर्यंत पुसूं नये, असा प्रघात पडला. आमच्या वाचकांतील आयांस भिंत खराब होण्याची भीति वाटेल हें आम्ही जाणतों. पण याच भिंतीपाशीं वाढलेला मुलगा १९५७ सालीं केंब्रिजला गेला, १९५९ सालीं तेथील गणिताच्या परीक्षेंत पहिला आला, आणि १९६० सालीं वडिलांना मिळालेलें टायसन पदक त्यासहि मिळालें.

गणितशाखेचा कारभार पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालवून नारळीकरांनीं काशी सोडिली. कांहीं वर्षें ते राजस्थानच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून अजमेरास होते. नंतर पुणें विद्यापीठांत लोकमान्य टिळकांच्या नांवच्या गणिताच्या आसनावर १९७३ पर्यंत त्यांनीं अध्यापन केलें. १९६९ सालीं सापेक्षतावादाच्या अभ्यासकांची अखिल भारतीय संस्था निघाली, तेव्हां तिचें पहिलें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. ज्या विषयावर बोलावयास १९३२ सालीं काशींत जोडीदार नव्हता, त्या विषयाची देशभर पसरलेली मंडळी आतां एका छताखालीं जमली होती.

आणि ती शर्यत? तिचा निकाल हळूहळू लागत गेला. १९४६ सालीं रशियन शास्त्रज्ञ लिफ्शिट्झ यांनीं प्रसरण पावणाऱ्या विश्वांतील दाटीचें गणित सापेक्षतावादाच्या पद्धतीनें केलें. निश्चल ढगांतील दाटी चक्रवाढ व्याजाप्रमाणें वाढते. प्रसरणांत तिला ती चाल सांपडत नाहीं. द्रव्याचा दाब नगण्य असेल तर विश्व दुप्पट झाल्यावर दाटीचें प्रमाण दुप्पट होतें, यापेक्षां अधिक नाहीं. वाढ होते, पण सावकाश.

याच्या उलट बाजूचेंहि गणित या शतकांत पुढें गेलें आहे. न पसरणाऱ्या अवकाशांत प्रवाहांतील बारीक लाटाहि कालांतरानें चढून फुटूं शकतात, व प्रवाहांत धक्क्याची भिंत उभी राहते. ग्रीक गणितज्ञ क्रिस्टोडूलू यांनीं २००७ सालीं याचें विस्तृत विवरण सापेक्षतावादी प्रवाहांकरितां केलें. परंतु अवकाश पुरेशा वेगानें पसरत असेल तर त्याच बारीक लाटा चढण्यापूर्वींच ताणल्या जाऊन निवतात, असें गणितज्ञांनीं दाखविलें आहे. विश्वाचें प्रसरण वाढत्या वेगानें होत आहे असें १९९८ सालीं वेधांनीं आढळलें, त्यामुळें या सिद्धांतांस नुसत्या कागदी गणिताहून अधिक अर्थ आला. आइन्स्टाइन यांचें तें बाहेर लोटणारें पद, जें त्यांनीं स्वतः पुढें टाकून दिलें होतें, तेंहि या निमित्तानें पुन्हां समीकरणांत येऊन बसलें आहे.

प्रो. नारळीकर १९९१ सालीं पुणें येथें वारले. त्यानंतर एका वर्षानें, १९९२ च्या एप्रिल महिन्यांत, अमेरिकेच्या कोबे या उपग्रहाचे वेध जाहीर झाले. विश्व सुमारें ३,८०,००० वर्षांचें असतांना निघालेला प्रकाश आजहि आकाशांत सर्व बाजूंनीं येत असतो; त्याच्या उष्णतामानांत सुमारें लाखांत एक एवढा फरक या उपग्रहास दिसला. त्या काळापासून आजवर विश्व अकराशें पटींच्या आसपास पसरलें आहे. मुलांनीं आतां वर सांगितलेला हिशेब स्वतः करून पाहावा. लाखांत एक अकराशें पटींनीं वाढविलें तर शेंकडा एकच्या घरांत येतें. एवढ्यानें आकाशगंगा बनत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ असें मानितात कीं डोळ्यांस न दिसणारें आणखी एक द्रव्य विश्वांत आहे, त्यावर प्रकाशाचा दाब चालत नाहीं, आणि त्यानें गोळा होण्यास आधींच आरंभ केला होता. तें द्रव्य कशाचें आहे, याचा उलगडा अद्याप झालेला नाहीं.

पुत्र डॉ. जयंत नारळीकर यांनीं विश्वास स्फोटासारखा एक आरंभ होता हें मत कधींच पत्करिलें नाहीं. केंब्रिज येथें फ्रेड हॉईल यांच्याबरोबर मांडिलेला निराळा पक्ष ते पुढें अनेक फेरफार करून लढवीत राहिले, आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ विरुद्ध बाजूस असतांहि त्यांनीं तो सोडिला नाहीं. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे ते पहिले संचालक. २० मे २०२५ रोजीं पुण्यासच त्यांचें देहावसान झालें.